सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे

पीएचडीच्या चौथ्या वर्षात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक समजून घ्यायला मला १९८४ सालापर्यंत मागे जावं लागलं. आज तुम्हालाही तिथे घेऊन जाणार आहे. वाटेत थोडं तांत्रिक येईल, पण घाबरू नका, एक वायर आणि तिच्या दोन टोकांना दोन मशीन एवढंच चित्र डोळ्यासमोर ठेवा.

आमच्या लॅबमध्ये दोन लिनक्स सर्व्हर आहेत. एकात भरपूर डिस्क, दुसऱ्यात भरपूर प्रोसेसर. पहिल्याला आम्ही ‘कोठार’ म्हणतो, दुसऱ्याला ‘गिरणी’. दोघांच्या मध्ये स्विच नाही, राउटर नाही, एका कार्डातून निघालेली केबल थेट दुसऱ्याच्या कार्डात जाते. कोठारावरचा डेटा गिरणीला एनएफएसमधून दिसतो, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिममधून. गिरणीवर बसलेल्या माणसाला वाटतं की फाइल इथल्याच डिस्कवर आहे, प्रत्यक्षात ती वायरीपलीकडून येत असते.

पावसाळ्यात एकदा लाइट गेली, यूपीएसच्या बॅटरीने मान टाकली, आणि दोन्ही मशीन बंद पडून पुन्हा चालू झाली. त्यानंतर विचित्र प्रकार सुरू झाला. पिंग जात होता. एका मशीनवरून दुसऱ्यावर लॉगिन होत होतं. माउंट विनातक्रार लागत होतं. गिरणीवरून कोठारात फाइल लिहिली तर ती व्यवस्थित लिहिली जायची. पण तिकडची जुनी फाइल वाचायला घेतली की स्क्रीन जागच्या जागी थिजायचा आणि लॉगमध्ये ती प्रसिद्ध ओळ यायची, सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. तीच फाइल एसएसएचवरून कॉपी केली तर सुरळीत यायची. त्यामुळे लॅबमध्ये सगळ्यांचं एकमत झालं, नेटवर्क ठीक आहे, एनएफएसच फालतू आहे.

माझं कॉन्फरन्सचं काम तुंबलं होतं. मी काय केलं? माउंटच्या पर्यायांत ‘हार्ड’ लिहिलं होतं ते काढून ‘सॉफ्ट’ लिहिलं. हार्ड म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघ, जन्मभर लागला तरी चालेल. सॉफ्ट म्हणजे काही वेळा विचार, नाही आलं उत्तर तर प्रोग्रामला ‘वाचता आलं नाही’ असा एरर दे आणि मोकळा हो. थिजणं बंद झालं. मी खूश. आमची ज्युनियर म्हणाली, “ताई, पण प्रॉब्लेम गेला का लपला?” मी तिला म्हणाले, “डेडलाइन झाली की बघू.” हे वाक्य लक्षात ठेवा.

आता थोडं मागे जाऊ.

१९८२ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. चार संस्थापक, त्यातले एक विनोद खोसला, जन्म पुण्याचा (हे सांगितल्याशिवाय पुणेकराला पुढे जाता येत नाही, क्षमस्व). सन विकायची वर्कस्टेशन, म्हणजे एका माणसाच्या टेबलावरचा ताकदवान संगणक. अडचण अशी की तेव्हा डिस्क फार महाग होती, शिवाय आवाज करायची आणि तापायची. मग सनने बिनडिस्कची वर्कस्टेशन काढली. डिस्क एका सर्व्हरमध्ये, बाकी सगळ्यांनी इथरनेटवरून ती वापरायची.

याची पहिली पद्धत होती ‘एनडी’, नेटवर्क डिस्क. त्यात सर्व्हर डिस्कचा एक तुकडा कापून प्रत्येक मशीनला द्यायचा आणि ते मशीन त्याला आपली डिस्क समजून ठोकळे वाचायचं-लिहायचं. फाइल म्हणजे काय हे सर्व्हरला कळायचंच नाही. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी खोली दिल्यासारखं ते होतं, खोल्या तुमच्या, पण दोन बिऱ्हाडांना एकच कपाट वापरता येत नाही. (आज लोक दोन सर्व्हर आयस्कझीने जोडतात, ते तत्त्वाने याच घराण्यातलं. त्याचं पहिलं मानक २००४ चं, आरएफसी ३७२०.) पण लोकांना फाइली वाटून वापरायच्या होत्या. म्हणून सनमधल्या एका छोट्या गटाने १९८४ च्या सुमारास एनएफएस लिहिलं आणि १९८५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंडला युझनिक्सच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. लेखक पाच जण, रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श, बॉब लायन. निबंध लहान आहे आणि अजून वाचनीय आहे. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण जवळजवळ त्याच्यावरच उभं आहे.

त्या निबंधातला मुख्य निर्णय असा की सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोणी कुठली फाइल उघडली आहे, कोण कुठपर्यंत वाचत आलंय, काही नाही. प्रत्येक विनंतीत सगळं लिहिलेलं असतं, अमुक फाइल, तमुक जागेपासून इतके बाइट. किराणा दुकानात खातं नाही, प्रत्येक वेळी पूर्ण यादी घेऊन जायचं. फायदा काय? सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर त्याला आठवायचं असं काही नसतंच. गिऱ्हाईकाने तीच चिठ्ठी पुन्हा द्यायची, एवढंच. त्याच सुमारास एटी अँड टीने आरएफएस नावाची दुसरी पद्धत आणली होती, त्यात सर्व्हर सगळं लक्षात ठेवायचा. युनिक्सचे बारकावे ती जास्त इमानदारीने पाळायची, पण सर्व्हर कोसळला की सगळा हिशोब बुडायचा. ती मागे पडली, एनएफएस टिकलं. याला आणखीही कारणं आहेत. सनने प्रोटोकॉल खुला ठेवला, इतर कंपन्यांना वापरू दिला, आणि ‘कनेक्टॅथॉन’ नावाचा मेळावा भरवायला सुरुवात केली. तिथे एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे इंजिनियर आपापली मशीन घेऊन यायचे, एका हॉलमध्ये वायरी जोडायचे आणि कुणाचं कुणाशी जमत नाही ते शोधायचे. मला हे चित्र फार आवडतं. आपण सर्व्हर रूममध्ये एकट्याने जे करतो ते त्यांनी जत्रेसारखं केलं.

पण न आठवण्याची किंमत असते. सर्व्हरला गिऱ्हाईक माहीत नाही, म्हणून गिऱ्हाईकालाही सर्व्हरची बातमी नाही. उत्तर आलं नाही, तर सर्व्हर मेला की नुसता हळू चाललाय, हे गिऱ्हाईकाला ओळखता येत नाही. हे निबंधात स्वच्छ मांडलं आहे, आणि तो दोष म्हणून नाही, योजना म्हणून. गिऱ्हाईकाने विचारत राहायचं, कधीतरी उत्तर येईल, आणि वरच्या प्रोग्रामला फक्त आज डिस्क जरा मंद आहे असं वाटेल. ‘अजून प्रयत्न चालू आहे’ ही ओळ तिथून आली. चाळीस वर्षं लोक तिला शिव्या देतायत, मीही दिल्या. पण तिचा खरा अर्थ असा, मी तुला खोटं उत्तर देणार नाही.

आणि मी नेमकी तीच सोय काढून टाकली होती.

आता विनंत्या जायच्या कशावरून, तर यूडीपीवरून. टीसीपी म्हणजे पोच घेणारं रजिस्टर्ड पत्र, यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. तेव्हाच्या प्रोसेसरना टीसीपीचा हिशोब जड जायचा, इथरनेट एका इमारतीतलं, पत्र सहसा हरवत नसे, आणि हरवलं तर एनएफएस पुन्हा पाठवणारच होतं. मग कशाला दुहेरी काम? त्या काळात हा विचार बरोबर होता. पण एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत एका वेळी जास्तीत जास्त ८१९२ बाइट वाचता यायचे, आणि इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० च बाइट मावतात. ही १५०० ची मर्यादा १९८० मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून काढलेल्या मानकातली, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच आहे. म्हणजे आठ किलोबाइटचं एक उत्तर सहा तुकडे होऊन जाणार. त्यातला एक तुकडा हरवला तर सहाही पुन्हा. क्रिस्टोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ मध्येच या तुकडेबाजीच्या तोट्यांवर एक निबंध लिहिला होता.

पुढे वायरी वेगवान झाल्या तशी एक भयानक गोष्ट वर आली. एकाच पॅकेटचे तुकडे ओळखायला आयपीमध्ये सोळा बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ क्रमांक, मग पुन्हा शून्यापासून. दहा मेगाबिटच्या इथरनेटवर एक फेरा पूर्ण व्हायला सात-आठ मिनिटं लागत. गिगाबिटवर, आठ किलोबाइटची उत्तरं भरधाव जात असतील तर, पाच सेकंदांच्या आत फेरा पूर्ण होतो. पण लिनक्स अर्धवट आलेले तुकडे साधारण तीस सेकंद सांभाळून ठेवतं. मग जुन्या पॅकेटचा राहिलेला तुकडा आणि त्याच क्रमांकाच्या नव्या पॅकेटचा तुकडा एकमेकांना चिकटू शकतात. यूडीपीची बेरीज बहुतेक वेळा हे पकडते, पण ती बेरीजही सोळा बिटांचीच, तेव्हा कधीतरी सुटतंच. सुटलं की फाइलमध्ये चुकीचा डेटा, आणि कुठेही तक्रार नाही. लिनक्सच्या एनएफएसच्या मॅन्युअल पानावर याबद्दल स्वतंत्र इशारा आहे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने यूडीपीला रामराम केला, आणि नव्या लिनक्समध्ये एनएफएससाठी ते मुळातच बंद असतं. आमची गिरणी मात्र जुनी, आणि माउंटची ओळ त्याहून जुनी. आवृत्ती तीन, यूडीपी, आठ किलोबाइट. कोणी लिहिली, विचारू नका. लॅबमध्ये वारसाहक्काने आलेल्या गोष्टींना बाप नसतो.

तुकड्यांवर एक उपाय होता, फ्रेमच मोठी करायची. १९९८ च्या आसपास अल्टिऑन नावाच्या कंपनीने गिगाबिट कार्डांसाठी ९००० बाइटांच्या ‘जंबो’ फ्रेमचा पुरस्कार केला. ९००० च का? कारण एनएफएसचा आठ किलोबाइटचा ठोकळा वरच्या सगळ्या हेडरांसकट त्यात एका दमात बसतो. म्हणजे १९८५ च्या एका मर्यादेच्या मापाने तेरा वर्षांनी नवा कपडा शिवला गेला. पण इथरनेटचं मानक ठरवणाऱ्या आयट्रिपलईने जंबोला कधीच मान्यता दिली नाही. त्याचा परिणाम नीट समजून घ्या, आमची सगळी गोष्ट त्यात आहे. केबल लावली की दोन कार्डं आपसात वेग ठरवतात, एका वेळी दोन्हीकडून बोलायचं की नाही ते ठरवतात. फ्रेम किती मोठी पाठवायची, हे मात्र ती ठरवत नाहीत. ते दोन्हीकडे माणसाने सारखं लिहायचं असतं.

आता परत आमच्या लॅबमध्ये.

कॉन्फरन्सला पाठवायचा आलेख मी सरांना दाखवला. माझा विषय असा, साठवणीची यंत्रणा मध्येच कोलमडली तर सावरायला किती वेळ लागतो. चारशे धावा घेतल्या होत्या, प्रत्येक धावेची एक छोटी लॉग फाइल, दर प्रयत्नाला एक ओळ. आलेख सुंदर होता. यंत्रणा भराभर सावरत होती. सरांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे किती धावांचं आहे?” मी म्हणाले चारशे. “मोजलंस?”

मोजलं. दोनशे सव्वीस.

बाकीच्या गेल्या कुठे? माझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, फाइल वाचताना एरर आला तर ती सोडून पुढे जा. प्रत्येक आळशी माणसाच्या स्क्रिप्टमध्ये असते. हार्ड माउंट असतं तर पहिल्याच अशा फाइलवर सगळं थिजलं असतं. सॉफ्ट केल्यामुळे कर्नलने इमानदारीने एरर दिला आणि माझ्या स्क्रिप्टने इमानदारीने तो गिळला. आणि कुठल्या फाइली गेल्या? मोठ्या. यंत्रणा पटकन सावरली तर लॉग पंधरावीस ओळींचा, रखडली तर शेकडो ओळींचा. म्हणजे जिथे जिथे यंत्रणा रखडली होती, नेमक्या त्याच धावा गळाल्या होत्या. यदृच्छेने निम्मा डेटा गेला असता तरी परवडलं असतं. इथे वाईट बातमी वेचून काढून टाकली गेली होती, आणि उरलेल्या चांगल्या बातमीची सरासरी मी छापायला निघाले होते.

त्या रात्री ज्युनियर आणि मी दोन्ही मशीनवर पॅकेट पकडायला बसलो. ती कोठारावर, मी गिरणीवर. गिरणीने विचारलं, या फाइलचे बाइट दे. कोठारावर विनंती पोचली. कोठाराने उत्तर पाठवलं. “ताई, गेलं इथून.” माझ्याकडे काही नाही. “परत गेलं.” काही नाही. मध्ये दीड मीटरची केबल. मी केबल बदलली. मग पोर्ट बदललं. मग गिरणीच्या कार्डाचे आकडे बघितले, तिथे ‘फार लांब फ्रेम’ या नावाच्या चुकांचा आकडा प्रत्येक प्रयत्नाला एकेकाने वाढत होता.

कोठाराचं कार्ड ९००० वर होतं, गिरणीचं १५०० वर. बस्स. कधीकाळी कोणा सीनियरने दोन्हीकडे ९००० केलं होतं. कोठारावर सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं, गिरणीवर नुसती कमांड मारून. लाइट जाईपर्यंत फरक पडला नाही.

आता सगळी लक्षणं जुळवून बघा, कोड्यासारखी उलगडतात. पिंग चालायचा, कारण तो काही डझन बाइटांचा. माउंट चालायचं, तेही छोटं संभाषण. लिहिणं चालायचं, कारण गिरणी स्वतःला १५०० ची समजून मोठ्या ठोकळ्याचे सहा तुकडे करायची, आणि ९००० वाल्याला छोटे तुकडे घ्यायला काय हरकत? वाचणं मात्र उलट दिशेचं, कोठार आठ किलोबाइट एका फ्रेममध्ये फेकायचं आणि गिरणीचं कार्ड ती दारातूनच परत पाठवायचं. परत पाठवायचं म्हणणंही चूक, नुसतं टाकून द्यायचं. एसएसएच चालायचं, कारण टीसीपीमध्ये जोडणी होतानाच दोन्ही बाजू ‘मला एवढ्याच मापाचं पाठव’ असं सांगतात आणि कमी माप धरलं जातं. ती रीत १९८१ च्या मूळ टीसीपीपासून आहे. पोस्टकार्डात असं काही विचारायची सोय नाही.

मग आयपीमध्ये ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं कळवायची व्यवस्था नाही का? आहे, पण ते कळवतो मधला राउटर. आमच्याकडे मध्ये कोणीच नव्हतं. मध्ये काही बिघडायला नाही म्हणून थेट जोडणी निवडली होती, आणि म्हणूनच बिघडलेलं सांगायलाही कोणी नव्हतं.

तुमच्याकडे असा प्रसंग आला तर पाच मिनिटांची एक परीक्षा सांगते. दोन्ही बाजूंनी, तुकडे करायला मनाई करून, ८९७२ बाइटांचा पिंग पाठवा (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२). एक बाजू लगेच ‘एवढं मोठं जाणार नाही’ म्हणाली आणि दुसरी पाठवून गप्प बसली, तर आमचंच दुखणं समजा. हे एकाच बाजूने करून थांबू नका. आम्ही पहिल्या दिवशी साधा पिंग केला, तोही एकाच बाजूने, आणि नेटवर्कला क्लीन चिट दिली. आणि एक, थेट जोडणीला ऑफिसच्या नेटवर्कपेक्षा वेगळी पत्त्यांची मालिका द्या. दोन्ही कार्डं एकाच मालिकेत असली तर लिनक्स एका कार्डाच्या पत्त्याची चौकशी आली तरी दुसऱ्या कार्डावरून उत्तर देऊ शकतं, आणि तुम्ही ज्या वायरीची तपासणी करताय तिच्यातून ट्रॅफिक जातच नसतो.

आम्ही दोन्हीकडे १५०० केलं, यूडीपी काढून टीसीपी घातलं, आणि सॉफ्ट पुन्हा हार्ड केलं. ९००० ठेवायला हवं होतं असं काहींचं मत पडलं, पण आमच्या गिगाबिटवर त्याने मिळणारा फायदा एका फसलेल्या आलेखापेक्षा मोठा नाही. स्क्रिप्टमधली ती ओळ काढली, वर शेवटी धावांची संख्या छापायला लावली. चारशेच्या चारशे धावा घेतल्यावर आलेख तसा सुंदर राहिला नाही. उजवीकडे लांबलचक शेपूट आलं. कॉन्फरन्सची तारीख हुकली, आणि त्या शेपटावर आता माझं पाचवं प्रकरण चालू आहे.

गेल्या आठवड्यात ती ओळ परत आली. सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. माझा हात कीबोर्डकडे गेला तेवढ्यात ज्युनियर म्हणाली, “ताई, थांब ना जरा.” ती उठून सर्व्हर रूममध्ये गेली. काका रॅकमागे झाडू मारत होते, केबल निम्मी बाहेर आली होती. तिने ती दाबून बसवली. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर पुढची ओळ आली, सर्व्हर ओके, आणि थांबलेली स्क्रिप्ट जिथे होती तिथून पुढे चालू लागली.